उष्णता आणि चुंबकीय थरांचे परस्परसंबंध

लोहचुंबक तापविल्यास त्याची ओढ क्षीण होते, हे शालेय विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. मात्र धातूंचे अतिशय पातळ थर एकावर एक चढविले असता उष्णतेमुळे त्या थराथरांमधील संबंधही बदलतो. जमिनीचे दप्तर, जन्ममृत्यूच्या नोंदी व परीक्षांचे निकाल संगणकाच्या चुंबकीय तबकड्यांवर जतन होऊ लागल्यापासून हा विषय प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक सूक्ष्म चुंबक होय. शेजारच्या अणूंच्या प्रभावामुळे हे चुंबक एका दिशेने राहतात. तापमान वाढले म्हणजे ही शिस्त ढळते आणि ठराविक तापमानास ती पूर्णपणे मोडते. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर क्यूरी यांच्या नावावरून त्यास 'क्यूरी तापमान' म्हणतात. लोखंडासाठी ते सुमारे ७७०, तर निकेलसाठी सुमारे ३५८ अंश सेल्सिअस आहे. मोजक्या अणूंच्या जाडीच्या थरात पृष्ठभागावरील अणूंना शेजारी कमी लाभतात. म्हणून तेथे ही मर्यादा बहुधा खाली येते.

लोखंडाच्या दोन थरांमध्ये क्रोमियमचा योग्य जाडीचा थर ठेवल्यास लोखंडाचे थर परस्परविरुद्ध दिशेने चुंबकित होतात, असे १९८६ मध्ये जर्मनीतील पेटर ग्रुनबेर्ग यांना आढळले. या थरांची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागात मोजतात. बाह्य चुंबकक्षेत्राने ते थर एका दिशेस वळविले की विद्युत्‌रोध घटतो, हे १९८८ मध्ये ग्रुनबेर्ग व फ्रान्सचे आल्बेर फेर यांनी स्वतंत्रपणे दाखविले. फेर यांच्या प्रयोगात उणे २६९ अंशांस हा रोध जवळजवळ निम्म्यावर आला. सामान्य तापमानास हा परिणाम बराच उणावला, तरी लक्षणीय राहिला. या शोधावर आधारलेली वाचनशीर्षे १९९७ पासून संगणकाच्या तबकड्यांत आली. २००७ मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उष्णतेचे कार्य येथे तीन प्रकारे घडते. एक, मधल्या थरातून चुंबकीय प्रभाव वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सुसंगती कमी होऊन थरांचा परस्परबंध सैल होतो. दोन, तापलेल्या थरात चुंबकीय लहरी उठतात. त्यांवर आदळून इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची दिशा पालटते आणि रोधातील फरक घटतो. हे दोन्ही परिणाम थर निवल्यावर बहुतांशी नाहीसे होतात. तिसरा परिणाम मात्र कायमचा असतो. अतिउष्णतेने शेजारच्या थरांतील अणू एकमेकांत मिसळतात आणि सीमारेषा पुसल्या जातात. अशा सीमांची तपासणी क्ष-किरणांनी करता येते. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या इंडस-२ यंत्रावर त्याची सोय आहे.

उन्हाळ्यातील कचेरीची उष्णता क्यूरी तापमानाच्या जवळपासही पोहोचत नाही. सबब केवळ तेवढ्याने नोंदी पुसल्या जातील, ही भीती अनाठायी होय. तथापि सततच्या तापाने यंत्राचे इतर भाग लवकर निकामी होतात. यास्तव संगणकाच्या खोलीत हवा खेळती ठेवणे आणि महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रत अन्यत्र जपून ठेवणे, हेच शहाणपणाचे ठरेल.