तगाद्याला कागदाचे उत्तर

अमेरिकेत रुग्णालयाच्या बिलावर छापलेला आकडा हीच उपचाराची ठरलेली किंमत, असा समज तेथील कित्येक रुग्णांचाही असतो, आणि वैद्यकीय थकबाकी वसूल करण्याचा व्यवसाय बऱ्याच अंशी याच समजावर चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक रुग्णालयाची स्वतःची दरसूची असते, जिला तेथे ‘चार्जमास्टर’ म्हणतात. विमा कंपन्यांनी करार करून आपल्यापुरते दर आधीच खाली आणलेले असल्यामुळे त्या सूचीतील पूर्ण दर पडतात ते मुख्यतः विमा नसलेल्या किंवा विम्याने नाकारलेल्या रुग्णाच्या वाट्याला. ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्याच्याच हाती सर्वांत मोठा आकडा येतो आणि पुढे तोच थकतो. ग्राहकांच्या आर्थिक हितासाठी नेमलेल्या ‘कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो’ या केंद्रीय यंत्रणेच्या २०२२ च्या अहवालानुसार, आदल्या वर्षी नागरिकांच्या पत-अहवालांत नोंदलेली वैद्यकीय थकबाकी ८८ अब्ज डॉलर होती.

बिल काही महिने थकले की रुग्णालय ते बाहेरच्या वसुलीदाराकडे देते, आणि येथे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. वसुली संस्था केवळ दलालीवर काम करते. कर्ज रुग्णालयाचेच राहते आणि सूट द्यायची की नाही हेही अखेर रुग्णालयच ठरवते. कर्ज-खरेदीदार मात्र थकलेल्या खात्यांचे गठ्ठे कवडीमोलाने विकत घेतो आणि त्यानंतर मिळेल ती रक्कम त्याची स्वतःची असते. ‘फेडरल ट्रेड कमिशन’च्या २०१३ मधील अभ्यासात सर्व प्रकारच्या ग्राहक-कर्जांसाठी खरेदीदारांनी दर डॉलरमागे सरासरी चार सेंट मोजल्याचे आढळले. दूरचित्रवाणीवरील विनोदी भाष्यकार जॉन ऑलिव्हर यांनी २०१६ मध्ये जवळजवळ दीड कोटी डॉलरची जुनी वैद्यकीय कर्जे सुमारे साठ हजार डॉलरला विकत घेऊन माफ केली, तेव्हा हा भाव डॉलरमागे अर्ध्या सेंटहूनही कमी पडला. फोनवर पूर्ण रकमेचा हट्ट धरणाऱ्याने ते कर्ज कितीला घेतले असेल, याचा अंदाज ऋणकोला एवढ्यावरून येऊ शकतो.

वसुलीदाराचे मुख्य साधन घाई हे असते, तर कायद्याने ऋणकोला दिलेले मुख्य साधन वेळ हे आहे. १९७७ चा ‘फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस अॅक्ट’ हा केंद्रीय कायदा अशा बाहेरच्या वसुलीदारांना सकाळी आठपूर्वी व रात्री नऊनंतर फोन करण्यास, अटकेची धमकी देण्यास आणि शेजारी वा कचेरीतील सहकाऱ्यांपाशी कर्जाची वाच्यता करण्यास मनाई करतो. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा अधिक फोन केल्यास तो छळ मानला जातो. रुग्णालय स्वतःच्याच नावाने स्वतःचे पैसे मागत असेल, तर मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही.

या कायद्यातील सर्वांत उपयोगी तरतूद पडताळणीची आहे. पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांच्या आत वसुलीदाराने मूळ धनको कोण, रक्कम किती आणि तिच्यात व्याज वा शुल्क किती मिळवले, हे सांगणारी सूचना द्यावी लागते. ती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ऋणकोने लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवीपर्यंत वसुली थांबवावी लागते. म्हणून पहिल्या फोनवर कर्ज मान्य करू नये, बँक खात्याचा क्रमांक देऊ नये आणि ‘निदान पन्नास डॉलर तरी आज भरा’ या आग्रहाला बळी पडू नये. बोलणाऱ्याचे नाव, संस्था आणि पत्ता टिपून घ्यावा आणि हरकतीचे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवावे.

मिळालेल्या या वेळात तीन गोष्टी तपासायच्या असतात, त्यांपैकी पहिली म्हणजे बिलाचा खरेपणा. रुग्णालयाकडून प्रत्येक सेवेची स्वतंत्र नोंद असलेले तपशीलवार बिल मागवून ते विमा कंपनीच्या ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’शी, म्हणजे विम्याने काय भरले, काय नाकारले आणि रुग्णाचा वाटा किती राहिला हे सांगणाऱ्या पत्रकाशी, ओळीने ताडून पाहावे. एकच तपासणी दोनदा लावलेली असणे किंवा चुकीच्या सांकेतिक क्रमांकामुळे दावा नाकारला गेलेला असणे, असे दोष अशा ताळ्यातच उघड होतात. तातडीच्या उपचारांत विम्याच्या यादीबाहेरच्या डॉक्टरने लावलेले जादा बिलही जानेवारी २०२२ पासून ‘नो सर्प्रायझेस अॅक्ट’मुळे विमाधारकाकडून सहसा वसूल करता येत नाही.

दुसरी तपासणी धर्मादाय सवलतीची. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक सर्वसाधारण रुग्णालये ना-नफा तत्त्वावर चालतात आणि करमाफी उपभोगतात. त्या बदल्यात २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने त्यांना अर्थसाहाय्याचे लेखी धोरण ठेवणे बंधनकारक केले आहे. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत आलेला साहाय्याचा अर्ज त्यांना विचारात घ्यावाच लागतो, खाते वसुलीदाराकडे गेलेले असले तरीही. आणि पहिले १२० दिवस दावा लावणे किंवा पत-अहवालात नोंद करणे यांसारखी कठोर पावले उचलता येत नाहीत. महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये ठरलेल्या योजनेनुसार येथील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. दोन्हीकडे अडचणही सारखीच, की मागितल्याशिवाय सवलत क्वचितच मिळते. जे कर्ज मुळातच माफ होऊ शकते, त्यावर घासाघीस करणे हा तोट्याचा व्यवहार असल्यामुळे हा अर्ज तडजोडीच्या आधी करायचा असतो.

तिसरी तपासणी मुदतीची. न्यायालयात दावा लावण्याची मुदत राज्यागणिक बदलते. बहुतेक ठिकाणी ती तीन ते सहा वर्षांची आहे, आणि न्यूयॉर्कने वैद्यकीय कर्जांसाठी ती २०२० मध्ये तीन वर्षांवर आणली. मुदतबाह्य कर्जासाठी दावा लावण्याची धमकी देणेही वसुलीदाराला निषिद्ध आहे. परंतु पुष्कळ राज्यांत अंशतः रक्कम भरली किंवा देणे लेखी मान्य केले, की मुदत नव्याने सुरू होते. पहिल्या फोनवर पन्नास डॉलर भरण्यातला धोका तो हाच.

या तिन्ही चाळण्यांतून जी रक्कम खरोखर देय उरते, तिच्यापुरतीच तडजोड करायची. घरखर्च भागवून एकरकमी किती देता येईल हे आधी कागदावर ठरवावे आणि पहिला प्रस्ताव त्याहून बराच खालून द्यावा, कारण पुढची सारी बोलणी वर चढण्याचीच असतात. कर्ज-खरेदीदाराला हप्त्यांच्या आश्वासनापेक्षा हातात पडणारी रोकड अधिक मोलाची वाटते, म्हणून एकरकमी प्रस्तावावर मोठी सूट मिळण्याचा संभव अधिक. वसुली संस्था अडून बसली, तर थेट रुग्णालयाच्या बिल विभागाशी बोलून खाते परत मागवण्याची विनंती करता येते. वसुलीदार सुचवतो म्हणून हे देणे क्रेडिट कार्डावर चढवणे मात्र बहुधा महागात पडते, कारण मग ते वैद्यकीय कर्ज न राहता भारी व्याजाचे साधे कर्ज होते आणि वैद्यकीय कर्जाला मिळणारी संरक्षणेही गळून पडतात.

तोंडी ठरलेल्या सवलतीला किंमत नसते. खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख, या रकमेत संपूर्ण देणे फिटल्याची कबुली आणि उरलेली बाकी दुसऱ्या कोणाला विकली जाणार नाही ही हमी, एवढे लेखी हाती आल्यावरच पैसे द्यावेत, आणि दिल्यावर बेबाकी दाखला मागून घ्यावा. तेच खाते पुन्हा कोणी विकत घेऊन फोन केल्यास ऋणकोपाशी एवढाच पुरावा असतो. माफ झालेली रक्कम ६०० डॉलर वा अधिक असल्यास करखाते तिला उत्पन्न मानू शकते, मात्र मालमत्तेपेक्षा देणी अधिक असलेल्या माणसाला त्यातून सूट मागता येते.

पत-अहवालाची भीती मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि भारतातील ‘सिबिल’मुळे परिचित असलेली ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांनी जुलै २०२२ पासून फेडलेली वैद्यकीय कर्जे अहवालातून वगळली, न फेडलेल्यांची नोंद एका वर्षानंतरच करण्याचे ठरवले, आणि २०२३ मध्ये ५०० डॉलरखालच्या नोंदीही काढल्या. सर्वच वैद्यकीय कर्जे वगळणारा केंद्रीय नियम २०२५ च्या जानेवारीत निघाला, पण जुलैमध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. न्यायालयाच्या समन्सकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. ठरलेल्या दिवसांत लेखी जबाब न दिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो आणि त्याच्या बळावर पुष्कळ राज्यांत पगारातून कपात वा बँक खाते गोठवणे शक्य होते.

मुलांकडे पर्यटक व्हिसावर गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हा विषय थेट लागू पडतो. प्रवासी विम्याच्या स्वस्त योजना प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच देतात आणि बाकीचे बिल रुग्णावर येते. आईवडिलांच्या बिलाला मुले एरवी जबाबदार नसतात, परंतु दाखल करताना ‘गॅरंटर’च्या, म्हणजे जामीनदाराच्या, रकान्यात मुलाने सही केली असेल, तर ते कर्ज त्याचे होते. काही राज्यांत सहीशिवायही जबाबदारी येऊ शकते: पेनसिल्व्हेनियातील अपिली न्यायालयाने २०१२ मध्ये, शुश्रूषागृहातून निघून ग्रीसला गेलेल्या आईचे सुमारे ९३ हजार डॉलरचे बिल मुलावर कायम केले. असे निवाडे विरळा आहेत, तर दाखल करतानाची सही रोजची आहे. तातडीच्या रुग्णाला तपासून स्थिर करण्यासाठी पैशाची हमी मागत थांबणे रुग्णालयांना कायद्याने मना असल्यामुळे, पुढे केलेला कागद वाचूनच सही करण्याइतका वेळ नातेवाइकांपाशी तेथेही असतो, आणि वसुलीदाराशी पुढे करावा लागणारा पत्रव्यवहार बऱ्याचदा त्या एका सहीतूनच सुरू झालेला असतो.