ससा पाळायचा, पण कुणी?

मागच्या रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरचा ओंकार दारात उभा. "काकू, तुमच्या माळ्यावर सशाचा पिंजरा आहे ना? बाबा म्हणालेत, चौथीत चांगले मार्क मिळाले की ससा आणू." त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून पटकन 'हो' म्हणावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. हातावर लाडू ठेवून "संध्याकाळी आईबाबांना घेऊन ये" असं सांगितलं आणि त्याला परत पाठवलं. मग दिवसभर चिंगी मनात घोळत राहिली.

२०१४च्या उन्हाळ्यात आमची मुक्ताही चौथीत होती. कुत्रा हवा म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. कुत्र्याला फिरवायचं कुणी, हा प्रश्न आणि मांजर सासूबाईंना चालत नाही. शेवटी तडजोड म्हणून ससा ठरला. ससा म्हणजे गरीब, शाकाहारी, कोपऱ्यात पडून राहणारा प्राणी, असा आमचा हिशोब. दुकानदारानंही मान डोलावली, "काही लागत नाही हो त्याला. गाजर घाला, मजेत राहतो." पिंजऱ्यासकट हजारभर रुपयांत चिंगी घरी आली.

'काही लागत नाही' हे वाक्य किती महागात पडतं, ते दिवाळीत कळलं. तोवर आम्ही तिचे लाडच लाड केले होते. गाजर, केळं, पोळीचा तुकडा, चहाबरोबरचं बिस्कीट. गवत मात्र कधीतरी गंमत म्हणून चार काड्या. भाऊबीजेच्या सकाळी तिनं गाजराकडे पाठ फिरवली. "फटाक्यांना घाबरली असेल," आमचे हे म्हणाले. संध्याकाळपर्यंत ती अंग चोरून एकाच जागी बसलेली. शेवटी गुराढोरांत वाढलेल्या सासूबाई पिंजऱ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, सकाळपासून एक लेंडी नाही. जनावराचं पोट बंद झालंय."

ऐन सणात डॉक्टर शोधायचे. दोघांनी "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" म्हणून सांगितलं. तिसरे भेटले ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी चिंगीचं पोट चाचपलं आणि काय काय खायला घालता, ते विचारलं. मी कौतुकानं यादी सांगू लागले, आणि सांगता सांगताच माझा आवाज खाली आला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सशाचं पोट सतत चालतं राहायला लागतं, आणि ते चालवतं गवत. त्याला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास खाल्लं नाही तर उद्यापर्यंत वाट बघायची नसते. ससा मुळात शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवतो. आपल्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणजे आमच्या मायेनंच त्या जिवाची ही दशा केली होती.

त्यानंतरच्या तीन रात्री दर दोन-तीन तासांनी सिरिंजनं पातळ खाणं भरवायचं होतं. यांना सकाळी ऑफिस, मुक्ता दहा वर्षांची. जागले मी. चौथ्या दिवशी पहाटे पिंजऱ्यात पाच-सहा लेंड्या दिसल्या, आणि लेंड्या बघून मी चक्क रडले.

मग आमचं खरं शिक्षण सुरू झालं. सशाच्या आहारात पाऊण हिश्शाहून जास्त वाळलेलं किंवा ताजं गवत हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. ते झिजतात गवत चावूनच. गाजर-केळं म्हणजे त्याची मिठाई. त्याच्या पायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, त्यामुळे तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात तळव्यांना जखमा होतात. कान धरून तर कधीच उचलायचं नाही. मागच्या पायांना आधार नसला, तर घाबरून मारलेल्या लाथेनं त्याचाच कणा मोडू शकतो. अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे पुण्याचा एप्रिल-मे त्याच्या जिवावर बेतू शकतो. आमच्याकडे बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवायची, हे उन्हाळ्याचं नित्यकर्म झालं. मोकळी सोडली की टीव्हीची वायर कुरतडायची, तेही चालवून घ्यावं लागलं.

जोडी आणावी तर तेही सोपं नाही. माझ्या नणंदेला 'दोन्ही माद्या' म्हणून दिलेल्यांपैकी एक नर निघाला. सशाची मादी महिन्याभरात विते आणि व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागते. न केलेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाणही मोठं आहे.

मग नकोसे झालेले ससे काही लोक टेकडीवर सोडून येतात. 'रानात सुखी राहील' अशी मनाची समजूत! पण आपल्या रानातला ससा वेगळा. तो १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला घरात आणता येत नाही. दुकानातला ससा मूळचा युरोपातला, पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला. त्याला ना बीळ खणून लपता येतं वेळेवर, ना कुत्र्यापासून पळता येतं. पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. चौथीतल्या मुक्ताची चिंगी गेली तेव्हा मुक्ता बारावीत होती. मधल्या आठ वर्षांत क्लास, परीक्षा, मैत्रिणी आल्या. तिचं प्रेम कमी झालं नाही, वेळ कमी झाला. गवत आणणं, पिंजरा धुणं कधी माझ्याकडे आलं ते कळलंही नाही. मुलांसाठी आणलेला प्राणी शेवटी आईचा होतो, हे कुणी आधी सांगत नाही.

संध्याकाळी ओंकारचे आईबाबा आले. मी एवढंच विचारलं: रोज गवत कोण आणणार? मे महिन्यात गावी जाल तेव्हा ससा कुठे राहणार? आणि ओंकार कॉलेजात गेल्यावर तो कुणाचा? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "ताई, एवढा विचार केला नव्हता," त्याचे बाबा म्हणाले. पिंजरा मी दिला नाहीच. तारेच्या तळाचा होता. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला.

ओंकारचा चेहरा उतरला. मग जरा वेळानं तो म्हणाला, "काकू, मी ससा नसताना महिनाभर रोज गवत आणून दाखवलं तर?"

हे लिहितेय तेव्हा सहावा दिवस आहे. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी आमच्या कडीला हरळीची जुडी अडकवलेली असते. सासूबाई त्यातल्या दूर्वा निवडून देवघरातल्या गणपतीला वाहतात. अजून एकही खाडा नाही.

चोवीस दिवस बाकी आहेत.