मंडळी तीच, माणसें नवीं

नाटक मंडळींतील एखादा नामांकित गायक-नट मंडळी सोडून गेला, अथवा काळानें त्याला ओढून नेलें, कीं तिच्या जुन्या चाहत्यांच्या घरीं जणूं सुतक पडतें. पुढचा प्रयोग जाहीर झाला म्हणजे घरांतील वडील मंडळी म्हणतात, "आतां काय राहिलें आहे तेथें?" आणि वडिलांनींच असें म्हटल्यावर मुलेंबाळेंही तिकडे फिरकत नाहींत. हा उद्गार प्रेमापोटीं निघतो हें खरें. परंतु त्याचें फळ कोणाला भोगावें लागतें याचा विचार आपण क्वचितच करतों.

किर्लोस्कर नाटक मंडळीचाच इतिहास पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हां मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला होते. पांच वर्षांनीं, १८८५ सालीं, संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्करच वारले. धनी गेला म्हणून मंडळी बुडाली नाहीं. भाऊराव कोल्हटकरांनीं शकुंतला व सुभद्रा अशा गाजविल्या कीं पुढें लोक त्या भूमिका त्यांच्याच नांवानें ओळखूं लागले. १९०१ त भाऊरावही गेले. १९०५ त नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळींत दाखल झाले आणि तीच शकुंतला नव्या पिढीची झाली. भाऊरावांच्या शकुंतलेपुढें दुसरी नको असें म्हणून त्या वेळचे सगळेच रसिक घरीं बसते, तर बालगंधर्व ऐकावयास कोण राहिलें असतें?

पुढची गोष्ट याहून कठीण आहे. मृत्यूपुढें कोणाचा इलाज चालत नाहीं. पण माणसें आपखुशीनें सोडून जातात तेव्हां चाहत्याच्या मनांत रागही येतो. १९११ त 'मानापमान' रंगभूमीवर आलें, त्याच वर्षीं नानासाहेब जोगळेकर वारले, आणि १९१३ त बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ त दीनानाथ मंगेशकर व चिंतामणराव कोल्हटकर हेही किर्लोस्कर मंडळींतून निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. एका भरल्या घरांतून दोन बिऱ्हाडें वेगळीं झालीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना अशा वाटणीचें दुःख निराळें सांगावयास नको.

परंतु या वाटणीनें मराठी नाटकाचें नुकसान झालें काय? आम्हां खोपटच्या रहिवाशांना मासुंदा तलावाकांठचें गडकरी रंगायतन पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. १९७८ त उघडलेल्या या नाट्यगृहाला ज्यांचें नांव आहे, ते राम गणेश गडकरी उमेदवारीच्या दिवसांत किर्लोस्कर मंडळींतच होते. त्यांचें 'पुण्यप्रभाव' किर्लोस्कर मंडळीनें केलें, 'एकच प्याला' गंधर्व मंडळीनें आणि 'भावबंधन' बळवंत मंडळीनें. जुनें घर फुटलें खरें, पण एकाच नाटककाराला तीन घरचीं अंगणें मिळालीं. फुटीच्या दिवशीं हें कोणाला दिसलें नसेल. शंभर वर्षांनीं मागें पाहतां स्पष्ट दिसतें.

आपल्या डोळ्यांदेखतचें उदाहरण 'कट्यार काळजांत घुसली'चें. पुरुषोत्तम दारव्हेकरांचें हें नाटक प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनें १९६७ त आणलें. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचें. वसंतराव देशपांडे यांचे खांसाहेब ज्यानें तरुणपणीं ऐकले, त्याच्या कानांत ते कायमचे घर करून बसले. प्रस्तुत लेखक त्यांपैकीं एक. १९८३ त वसंतराव गेले, त्या वेळीं त्यांचे नातू राहुल चार वर्षांचेही नव्हते. त्याच नातवानें २०१० त ही भूमिका उभी केली, तेव्हां मनांत धाकधूक होती. वसंतरावांच्या सुरांची ती अवचित झेप कानाला हवीशी वाटत होती, आणि ती तशी आली नाहीं. मात्र भोंवतालीं विशी-बाविशीचीं मुलें श्वास रोखून ऐकत होतीं. त्यांना तुलना करावयास कोणी नव्हतें. त्यांच्यापुढें फक्त खांसाहेब होते. विद्या एकाच घराण्याच्या मालकीची असूं शकते काय, हाच या नाटकाचा प्रश्न. त्याचें उत्तर त्या मुलांच्या चेहऱ्यांवर वाचावयास मिळालें.

हा पेंच केवळ आपल्याच रंगभूमीपुढें आहे असें नाहीं. आपल्या घरचीं तरुण मुलें विलायती रॉक संगीत ऐकतात. तेथेंही हेंच वाद आहेत. १९६२ पासून चालत आलेल्या 'रोलिंग स्टोन्स' या वाद्यवृंदाचे तालवादक चार्ली वॉट्स २०२१ त वारले, तरी वृंद गात राहिला. 'क्वीन'चे गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ त गेले. पुढें ॲडम लॅम्बर्ट हे त्या वृंदाबरोबर गाऊं लागले, तेव्हां जाहिरातींत 'क्वीन'च्या जोडीला त्यांचें नांवही स्वतंत्र छापलें गेलें. यांतला सरळपणा आपल्या निर्मात्यांनीं घेण्याजोगा आहे.

मग चाहत्यानें डोळे मिटून सर्वच गोड मानून घ्यावें काय? मुळींच नाहीं. त्यानें तीन गोष्टी हक्कानें मागाव्या. पहिली, तालीम पूर्वीइतकीच कसून झालेली असावी. नांव जुनें आणि पाठांतर कच्चें, हा सौदा फसवणुकीचा होय. दुसरी, कोण काम करणार हें जाहिरातींत उघड सांगावें. जुन्या नटाच्या कीर्तीवर नव्याचीं तिकिटें विकूं नयेत. तिसरी, नव्या माणसानें जुन्याची नक्कल करूं नये. नकलेनें जुन्याची आठवण तेवढी होते, नवा माणूस मात्र दिसतच नाहीं. या तीन गोष्टी नसतील, तर राहिली ती नुसती पाटी, आणि पाटीशीं निष्ठा ठेवण्याचें बंधन कोणावर नाहीं.

पण या तीन गोष्टी असतील तर घरांतील वडिलांनीं आपल्या जिभेला थोडा आवर घालावा. जुन्याचें वर्णन जरूर करावें, पण तें प्रयोग पाहून घरीं आल्यावर, आधीं नव्हे. नातवंडांना पहिला अनुभव त्यांच्या कानांनीं घेऊं द्यावा. त्यांना नवें माणूस आवडलें, तर जुन्याची ध्वनिमुद्रिका तीं आपण होऊन मागतील, आणि तेव्हां आपल्या आठवणींना खरा श्रोता मिळेल.