ओढ्याचे नाव

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, जवळा बाजार हे गाव आहे. मराठवाड्यात जवळा नावाची गावे अनेक असल्यामुळे ‘बाजार’ हा शब्द या गावाची ओळख पटवितो. नद्यांचेही तसेच. या भागातील पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीस मिळते व तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. विदर्भातील पूर्णा तापीस मिळून अरबी समुद्राची वाट धरते. नाव एक, समुद्र दोन!

पूर्णेला पाणी पुरविणाऱ्या लहान ओढ्यांना मात्र असे एक नाव क्वचितच असते. काळ्या जमिनीतून वाहणारा ओढा श्रावणात दुथडी भरतो आणि चैत्रात त्याच्या पात्रात वाळू व एखादा डोह तेवढा उरतो. सरकारी नकाशावर कोरडा ओढा ही केवळ काळी रेघ. पुष्कळदा तिच्याजवळ नाव नसते. नाव असते ते गावकऱ्यांच्या तोंडी. वरच्या शिवारात काठी आंबा असला, तर तो ‘आंब्याचा ओढा’. खालच्या गावी देऊळ असले, तर तोच ‘महादेवाचा ओढा’. खरे नाव कोणते? अर्थात दोन्ही.

पुढे आंबा तुटतो. कोणी पात्र बुजवून तेथे शेत करतो. तरीही वृद्ध माणसे त्या जागेस ‘आंब्याचा ओढा’च म्हणतात, आणि अतिवृष्टी झाली की पाणी नेमके त्याच शेतातून वाट काढते.