मशीनला सहा तास

पहाटे ५:००
चांदवडला हायवेलगतचा बर्फाचा कारखाना. एप्रिल महिना. पहिली पिकअप दाराशी लागलीय. होइस्टला अडकवलेले पत्र्याचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीतून वर येतात आणि साध्या पाण्याच्या हौदात उतरतात. थोड्या वेळात लादी कडेनं सुटते. डबा कलंडला की दीडशे किलोचा बर्फ ओल्या फळीवरून घसरत येतो. कामगार आकडा मारून त्याला दाराकडे वळवतो. पायात गमबूट आहेत, हात उघडे. हातमोजे भिजले की बोटं जास्त गारठतात, म्हणतो. रात्रपाळीचे ५५० रुपये.

काही लाद्या निळसर आहेत. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पांढऱ्या लाद्या रसवंत्यांना आणि लग्नाच्या मांडवांना जातात. आज घाई आहे. आठ वाजता मशीन बंद होणार.

सकाळी ७:१०
मिस्त्री आले. मालेगावहून, राहूड घाट चढून, मोटरसायकलवर. पिशवीत पाने, फीलर गेज, घासायची पेस्ट आणि गंधकाच्या काड्या. चहा घेण्याआधी ते मशीनकडे जातात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या हेडवर टेकवतात, मूठ कानाला लावतात. दोन सिलिंडर आहेत, पुढच्याचा आवाज फाटतोय. डिलिव्हरीचा पाइप नेहमीपेक्षा तापलाय. दोन दिवसांत जमणारी लादी आठवडाभर अडीच दिवस घेतेय. शेठ वीजबिलाचं बोलतात. मिस्त्री म्हणतात, “व्हॉल्व्ह गळतोय, शेठ. मशीन फिरतंय, पण गॅस दाबला जात नाही.”

८:१५
सक्शनचा व्हॉल्व्ह हळूहळू मिटत आणला. गेजचा काटा खाली सरकला, मशीन थांबलं, मग डिलिव्हरीही बंद. आत उरलेला अमोनिया नळीनं पाण्याच्या बादलीत सोडायचा. पाणी तो पिऊन टाकतं. तरी दारं उघडी, पंखे सुरू आणि प्रत्येकाच्या गळ्यात ओला पंचा. हेल्पर पोरगा नवीन आहे. मिस्त्री त्याला वाऱ्याच्या बाजूला उभं करतात.

टाकीतलं मिठाचं पाणी उणे १० अंशांवर आहे. झाकणाच्या लाकडी फळ्या आता कुणी उचलायच्या नाहीत. दुपारपर्यंत ते उणे ५ च्या वर चढलं, तर अर्धवट जमलेल्या लाद्यांचा एक दिवस वाया जातो. म्हणून मशीनला सहा तास.

९:३०
हेड निघालं. नट एकेक करून पोत्यावर, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं मांडलेले. व्हॉल्व्हची चकती तळहातावर घेऊन मिस्त्री दारातल्या उन्हात जातात. रुपयाच्या नाण्याहून पातळ पोलादी कडं. त्यावर केसाएवढी चीर. बोटाला लागत नाही, नखाला लागते. एक स्प्रिंगही तुटलेली, तिचा तुकडा मात्र दिसत नाही. मग सगळी कामं थांबतात. तो तुकडा सिलिंडरमध्ये राहिला तर पिस्टन खाणार. चुंबक, बॅटरी, चिंधी. वीस मिनिटांनी तेलाच्या काळ्या लगद्यात तुकडा सापडतो. तुटलेल्या स्प्रिंगला जोडून बघतात. पुरा आहे.

आता व्हॉल्व्हची बैठक घासायची. काचेच्या तुकड्यावर पेस्ट, त्यावर प्लेट, आणि हात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत राहतो. दाब सारखा हवा. पुसायचं, उजेडात धरायचं, पुन्हा घासायचं. असं दीड तास. या कामाला यंत्र मिळतं, पण ते नाशिकला. न्यायला-आणायला दिवस जातो.

११:३०
पोरगा गच्चीवर कंडेन्सरच्या पाइपांवरचा क्षार खरवडतोय. विहिरीचं पाणी जड आहे आणि एप्रिलात तेही पुरत नाही, टँकर मागवावा लागतो. पाइपांवर अंड्याच्या कवचासारखा थर चढलाय. तो असला की मशीन जास्त वेळ चालतं आणि बर्फ तेवढाच निघतो.

दुपारी १२:४०
भाकरी, ठेचा, कांदा. पोरगा मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. स्केटिंगच्या रिंकवर एक गाडी फिरतेय, मागे आरशासारखा बर्फ. मिस्त्री दोनदा बघतात. गाडीखालचं पातं बर्फ तासतं, पाणी धुतं, मागून गरम पाण्याचा पातळ थर पसरतो.

ती गाडी करणारा फ्रँक झांबोनी मुळात याच धंद्यातला. कॅलिफोर्नियात भावाबरोबर लाद्या काढायचा. घरोघरी फ्रिज आले, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा १९४० मध्ये त्यांनी रिंक काढली. बर्फ तासून धुवायला तीन माणसं आणि तासाहून जास्त वेळ लागायचा. अनेक वर्षं खटपट करून १९४९ मध्ये त्यानं गाडी उभी केली. आपल्याकडे डेहराडूनला २०११ मध्ये मोठी रिंक झाली, पुढे ती कित्येक वर्षं बंद राहिली. हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, “बांधायला पैसे लागतात, भाऊ. चालवायला रोजचा माणूस लागतो.”

२:०५
नवी चकती, नव्या स्प्रिंगा, नवी गॅस्केट. नट फुलीच्या क्रमानं आवळले. तेल भरलं. आतली हवा काढून गॅस सोडला. मिस्त्री गंधकाची काडी पेटवून प्रत्येक जोडापाशी फिरवतात. अमोनिया गळत असेल तर पांढरा धूर उठतो. एका जोडावर उठला. अर्धा आटा, पुन्हा काडी. धूर नाही.

पट्टे फिरले. टाकीचं पाणी उणे ६. पुढच्या सिलिंडरचा आवाज आता मागच्यासारखाच.

४:३०
दोन नंबरचं मशीन कोपऱ्यात महिनाभर बंद आहे. मिस्त्री चाक हातानं हलवतात. शाफ्ट ढिला. शेठ विचारतात, नवं बेअरिंग टाकलं तर? आधी दोनदा टाकून झालंय. शाफ्टच झिजलाय, बेअरिंग किती दिवस धरणार?

सायंकाळी ६:००
हिशेब. मिस्त्रींची मजुरी ३,०००. चकती, स्प्रिंगा, गॅस्केट ७,४००. तेल २,६००. पोराचे ६००. एकूण १३,६००. लादी दारात ३५० ला जाते, म्हणजे जवळपास ३९ लाद्या. शेठ दहा हजार देतात, बाकी सोमवारी. एक नंबर हा उन्हाळा नीट काढेल. दोन नंबर पावसाळ्यात, मागणी उतरली की, बदलावंच लागेल. त्यात आता दुरुस्तीचा एक रुपयाही घालण्यात अर्थ नाही.