निवड नेमकं कोण करतं?

नुसती बुद्धी माणसाला कृतीकडे ढकलू शकत नाही, ते काम भावनेचं, असं स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७३९ मध्ये मांडलं. मला ते पटतं. मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी मात्र शाबूत. पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर डायरी चाळत, हवामानापासून इतर कामांपर्यंत सगळं तोलत तो जवळजवळ अर्धा तास बसला. शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सांगितली आणि त्याने ती लगेच मान्य केली. कारणं ढीगभर होती, पण एकही मनाला भिडत नसावं.

मग रागाच्या भरात होणाऱ्या अन्यायाचं काय? आक्षेप रास्तच आहे. अफवेवर भडकलेल्याला खरी हकीकत कळली की त्याचा राग ओसरतो. गैरसमज दूर करते ती बुद्धीच. पण त्याला माफी मागायला लावते ती लाज, नाहीतर कणव.