डोळ्याच्या पडद्याची भूक

बँकेच्या काउंटरवर अनेकदा एक अनुभव येतो. सही जुळत नाही म्हणून वयस्कर खातेदारास विचारावे, तर उत्तर मिळते, "साहेब, हल्ली नीट दिसत नाही." त्यांपैकी काहींना मधुमेह असतो. साखर रक्तात वाढते, मग डोळा का बिघडावा? मी कला शाखेचा पदवीधर; पण वाचून जे उमगले ते सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

डोळ्याच्या मागील बाजूस सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा पडदा असतो, तेच दृष्टिपटल. वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक ऊर्जा खर्च करणाऱ्या भागांपैकी तो एक आहे. ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजपासून मिळते. आपल्या संगमेश्वरी शास्त्री व सोनवी एकत्र येतात. दृष्टिपटलाचे दोन पुरवठे मात्र वेगळेच राहतात. आतील थरांना त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या पोसतात. बाहेरील थरातील सुमारे १२ कोटी दंडपेशी व ६० लाख शंकुपेशींना मागील पटलातून ग्लुकोज मिळतो.

एक ग्लुकोजचा रेणू ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जाळला, तर ऊर्जा देणाऱ्या एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. अर्धवट मोडला तर अवघे २. तरीही ऑक्सिजन असताना दृष्टिपटल पुष्कळसा ग्लुकोज अर्धवटच मोडून त्याचे लॅक्टेट करते, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविले. हा व्यवहार तोट्याचा वाटतो. परंतु दंडपेशींच्या टोकाचा सुमारे दहावा भाग रोज गळतो व नव्याने बांधला जातो. त्यासाठी लागणारा माल या मोडणीतून मिळतो, असे मानले जाते. लॅक्टेटही वाया जात नाही, शेजारच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात.

स्नायूंमध्ये ग्लुकोज पुरेसा शिरण्यास इन्शुलिन लागते. दृष्टिपटलास ते लागत नाही. म्हणून रक्तात साखर वाढली की तेथेही वाढते. वर्षानुवर्षे असे चालल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात, काही बंद पडतात. मग रक्तात साखर भरपूर असूनही आतील थरांची उपासमार होते.

दुर्दैव असे की, सुरुवातीस दुखत नाही व दिसतेही स्वच्छ. म्हणून मधुमेह असलेल्यांनी साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवून वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. नुसता चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही. वेळीच लेझर वा इंजेक्शनचा उपचार झाल्यास दृष्टी बहुधा वाचते. गेलेली मात्र क्वचितच परत येते. विद्यार्थ्यांनो, घरातील आजी-आजोबांना या तपासणीस तुम्हीच घेऊन जा.